शनिवारचं गिऱ्हाईक

"गाडी चालू झाली का गं?" हे विचारलं नाही असं गिऱ्हाईक मला सहा वर्षांत एकही भेटलेलं नाही. बुधवारी दुपारी ब्रॅथवेटबाईंनीही तेच विचारलं. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, चाळीस वर्षं पोरांना पाढे शिकवलेल्या, आणि स्टिअरिंग असं घट्ट धरून बसलेल्या की कुणी ते हिसकावून पळणारच आहे. मी नेहमीचं उत्तर दिलं, "झाली बाई, आणि आपण वॉरेन्सचा चौकही मागे टाकला." त्या हसल्या, मग गप्प झाल्या, मग उगाचच घसा खाकरला. विजेच्या गाडीत पहिल्यांदा बसलेल्या माणसाला ती शांतता खायला उठते, हे मला पाठ आहे. आपला श्वास, आपल्या पोटातली गुरगुर, सगळं स्वतःलाच ऐकू यायला लागतं आणि माणूस ओशाळतो. ओशाळलेलं गिऱ्हाईक गाडी घेत नाही. म्हणून मी रेडिओ लावते. ही युक्ती कंपनीने शिकवलेली नाही, माझी आहे. त्या दिवशी लावला तेव्हा दुपारच्या निधनवार्ता चालल्या होत्या. मी स्टेशन बदलायला हात पुढे केला, तर बाई म्हणाल्या, "राहू दे, राहू दे, बघू तरी कोण गेलं." आमच्या बेटावर निधनवार्ता मध्येच बंद करणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

आणि रेडिओवरची बाई तिच्या त्या इस्त्री केलेल्या आवाजात वाचायला लागली: "सिक्स रोड्स, सेंट फिलिप, इथले मोटार मेकॅनिक कार्लाइल बॉइस, सर्वांना चोक या नावाने परिचित, वय वर्षं एकाहत्तर, यांचं शुक्रवारी निधन झालं. एल्मिना यांचे पती. डर्विन आणि दिवंगत ग्रेस यांचे वडील. जमार यांचे आजोबा. इयुना आणि दिवंगत ऑब्री यांचे भाऊ. ओडेसा गिटन्स यांचे खास मित्र. अंत्यविधी येत्या शनिवारी..." पुढचं मला ऐकू आलं नाही. इंजिनाचा आवाज नाही, गिअरचा नाही, त्या गाडीत माझं नाव इतकं स्वच्छ वाजलं की ब्रॅथवेटबाईंनी दचकून पेडलवरचा पाय उचलला. पाय उचलला की ही गाडी आपणहून मंदावते, हे पाच मिनिटांपूर्वी मीच त्यांना मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं. मागच्या व्हॅनवाल्याने भोंग्यावर हात ठेवला तो उचलेचना. बाईंनी माझ्या छातीवरच्या नावाच्या बिल्ल्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे, मग पुन्हा बिल्ल्याकडे. "तूच का गं ती?" मी हो म्हटलं. "अरे देवा," त्या म्हणाल्या, आणि जरा वेळाने, "सांभाळ हो स्वतःला." शब्द चांगलेच होते, पण सूर तो होता, ज्या सुरात चर्चमधल्या बायका असल्या बाईशी बोलतात. परत येईपर्यंत त्या एकच वाक्य बोलल्या, "आमच्या वेळी अशी नावं कुणी रेडिओवर घेत नसे, पण हल्ली माणसं मोठ्या मनाची झालीत." गाडी मात्र त्यांना आवडली.

असली बाई म्हणजे कसली, ते सांगते. निधनवार्तेत बायको पत्नी म्हणून येते, मुलं मुलं म्हणून, क्लबातले आणि चर्चमधले नुसते मित्र म्हणून. आणि सगळ्यांत शेवटी, एकटं, एखाद्या बाईचं नाव 'खास मित्र' म्हणून आलं की अख्खं बेट हातातलं काम थांबवून म्हणतं, अच्छा, म्हणजे ही ती! बुधवारी दुपारी बेटाने ते म्हटलं. केस कापायच्या दुकानांत म्हटलं असेल, मासळीबाजारात म्हटलं असेल, पेट्रोल पंपांवर आणि सुपरमार्केटच्या आवारात चार्जिंगला गाडी लावून बसलेल्या माझ्याच गिऱ्हाइकांनी म्हटलं असेल. आणि मी त्याची ती नव्हते. मी त्याची मुलगी होते. मला हे ओरडून सांगावंसं वाटत होतं आणि सांगायला जगात एकही माणूस उरला नव्हता. आईला जाऊन दोन वर्षं झाली, चोक शुक्रवारी गेला. तिसरं कुणाला ठाऊकच नव्हतं. मी ब्रॅथवेटबाईंच्या हाती माहितीपत्रक दिलं, बॅटरीची हमी आठ वर्षांची आहे म्हणून सांगितलं, आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

लहानपणी आमच्या घरचं शिलाईचं मशीन दर गुरुवारी बिघडायचं. आई, मर्ल गिटन्स, लोकांचे कपडे शिवायची, आणि गुरुवार आला की सिक्स रोड्सवरून चोक यायचा, मशीन उघडायचा, पुसायचा, तेल घालायचा, लावायचा. नऊ वर्षांची असताना मी विचारलं होतं, की ह्याला मोटारी दुरुस्त करता येतात तर हे एवढंसं मशीन का येत नाही? आई इतकी हसली की तोंडातल्या टाचण्या पडल्या. त्या रात्री तिने मला तो माझा कोण ते सांगितलं. त्याला नावाने हाक मारायची, चोक म्हणायचं, शाळेत विचारलं तर बाप इंग्लंडला गेला म्हणायचं. का, ते तिने मी मोठी झाल्यावर सांगितलं. मी जन्मले त्याच आठवड्यात, त्याच इस्पितळात, तीन खाटा सोडून चोकच्या बायकोलाही मुलगी झाली होती. ती दोन दिवस जगली. आई म्हणायची, "ती बाई रडत होती आणि तू दूध पीत होतीस. मी चादर तोंडावर ओढून घेतली." चोक तिकडे बसायचा, मग जिन्यात जाऊन उभा राहायचा, मग कुणी नाही असं बघून इकडे यायचा. एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर तोंड पुसत पुसत. दोघांनी तेव्हाच शपथ घेतली, की एल्मिनाला हे जन्मात कळू द्यायचं नाही. मला कुणी विचारलं नाही, मी दूध पीत होते ना! पण ती शपथ पाळली मी. चौतीस वर्षं माझ्याइतकी कुणी पाळली नसेल.

मोठी झाल्यावर मशीनचं निमित्त संपलं. मी शहरात एक खोली घेऊन राहायला लागले. एकट्या बाईच्या खोलीवर एक म्हातारा दर आठवड्याला चढून येतो म्हटल्यावर शेजार गप्प बसला नसता. मग सहा वर्षांपूर्वी मला ह्या शोरूममध्ये नोकरी लागली, आणि दुसऱ्याच शनिवारी काचेचं दार ढकलून चोक आत आला. धुतलेला शर्ट, नखांत काळं ग्रीस. मोठ्याने म्हणाला, "मॅडम, ती विजेची गाडी म्हणतात ती चालवून बघायची होती." मी म्हटलं, "या ना साहेब." चारचौघांत, काचेच्या भिंतींआड भेटलं तर कोण काय बोलणार? काय हुशारी आमची! त्या वेळी अशा गाड्या बेटावर बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. लोक वळून बघायचे, वादळात वीज गेली तर काय करणार म्हणून हसायचे. मी म्हणायचे, अहो, बेट एकवीस मैल लांब आणि चौदा मैल रुंद, बॅटरी संपवायला जाणार कुठे, समुद्रात? मग कर माफ झाला, पेट्रोल चढत गेलं, सरकारी बससुद्धा विजेच्या आल्या, छपरांवर पाणी तापवायची सौर पॅनेलं होतीच, त्यांच्या शेजारी वीज बनवणारी मोठी पॅनेलं आली, आणि आता गाडी हवी तर नाव नोंदवून बोटीची वाट बघावी लागते. एवढं सगळं बदललं, आणि दर शनिवारी अकरा वाजता एक माणूस तीच गाडी चालवून बघायला येत राहिला. घेतली कधीच नाही. किशॉन, माझ्या शेजारच्या टेबलावरचा, म्हणायचा, "ओडेसा, तुझं शनिवारचं गिऱ्हाईक आलं बघ. ह्या आठवड्यात तरी त्याचं मन ठरतंय का?"

आम्ही हॉर्स हिलच्या उतारावरून बाथशीबाच्या किनाऱ्याकडे जायचो. वाटेत तो पुडिंग आणि साउसचे दोन डबे घ्यायचा, शनिवारी दुसरं कोण काय खातं, आणि समुद्र दिसेल अशा जागी गाडी लावून आम्ही रताळ्याचं काळं पुडिंग आणि काकडीत, लिंबात मुरवलेलं मांस खायचो. गाडीला वास लागतो म्हणून काचा खाली कर असं मी म्हणायचे, आणि वाऱ्याने पाठ धरते म्हणून तो वर करायचा. काचांवर धुकं धरायचं. हे बाहेरून कसं दिसत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बापाबरोबर जेवणाऱ्या मुलीच्या डोक्यात हे का येईल? "हिला गाडी म्हणायचं?" तो डॅशबोर्डवर टिचकी मारून म्हणायचा. "जिवंत आहे की मेली तेच कळत नाही." "तुझ्या गॅरेजात येऊन खोकत नाही म्हणून राग आहे तुझा." "खोकली तर निदान कळतं काय होतंय ते." आयुष्यभर त्याने इंजिनावर स्क्रू-ड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावली होती, नुसत्या आवाजावरून तो कुठला व्हॉल्व्ह गेला ते सांगायचा. ह्या गाडीत त्याच्या कानांना कामच नव्हतं. म्हणून असेल, तो बोलायला लागला. त्याची आई, त्याने पहिल्यांदा खोललेलं ट्रॅक्टरचं इंजिन, माझ्या आईने त्याला कसं वर्षभर झुलवलं. तीस वर्षांत बोलला नाही एवढं तो त्या सहा वर्षांत बोलला. आणि त्याच सहा वर्षांत त्याचं गॅरेज ओस पडत गेलं. ज्या गाड्या तिथे यायच्या बंद झाल्या, त्यांचे मालक माझ्या टेबलासमोर बसलेले मला दिसायचे. "आज कोण?" तो विचारायचा. एकदा मी खाली मान घालून म्हटलं, "डॉक्टर हाइंड्स." अठ्ठावीस वर्षं त्यांच्या गाडीचं ऑइल त्याने बदललं होतं. त्याने डब्यातलं उरलेलं पुडिंग माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाला, "विक, विक. आपल्याच घरात आलं ना." आपल्या घरात! माझ्या आयुष्यात हा शब्द त्याने एकदाच वापरला. मी त्या दिवशी परत येताना वेड्यासारखी गात होते.

आणि तरी मी त्याच्याशी भांडले. शेवटच्या शनिवारी. त्याला छातीत जळजळत होतं, मी म्हटलं साउसमध्ये मिरची जास्त झाली असेल. रेडिओवर कुणा म्हाताऱ्याची निधनवार्ता चालली होती, त्याला चौदा मुलं, वाचणारीला दम लागला, आणि चोक पोट धरून हसला. मी एकदम विचारलं, "तुझ्या यादीत किती वाचतील?" तो हसायचा थांबला. मला थांबता आलं असतं. नाही थांबले. म्हटलं, "आईच्या वेळी मी तुझं नाव लिहिलं होतं, तू पाया पडलास म्हणून खोडलं. आता तुझ्या वेळी माझं नाव कोण लिहिणार?" तो म्हणाला, "ग्रेसच्या शेजारी तुझं नाव वाचलं तर एल्मिना वय विचारेल. वय कळलं की महिना विचारेल. मरेल गं ती." "आणि मी?" मी ओरडले. बंद काचांत माझाच आवाज माझ्या कानावर आदळला. "दोन दिवस जगली ती मुलगी, आणि चौतीस वर्षं जगले ती गिऱ्हाईक?" त्याने हातातला डबा नीट बंद केला, रबर लावलं. मग म्हणाला, "बघतो काहीतरी." मी म्हटलं, "बघू नकोस. नाव घे. कसंही घे, पण घे." परत येताना मी त्याला गाडी चालवू दिली नाही. काचेच्या दाराशी उतरताना तो नेहमीसारखा मोठ्याने म्हणाला, "विचार करून कळवतो हं मॅडम." मी किल्ली भिंतीवर टांगायला निघून गेले. पुढच्या शनिवारी अकरा वाजले, साडेअकरा झाले, मी तीनदा दारापर्यंत जाऊन आले, आणि मग किशॉन फोन खाली ठेवून म्हणाला, "अगं, तुझं शनिवारचं गिऱ्हाईक गेलं म्हणे. काल पहाटे. हृदयविकार." असं कळलं मला. माझा बाप मेला हे मला टेबलापलीकडून कळलं, आणि मला "अरेरे" म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाला खुर्ची द्यावी लागली.

बुधवारी मी बाथरूममधून बाहेर आले तेव्हा सगळं शोरूम माझ्याकडे बघत नव्हतं, म्हणजे अगदी ठरवून बघत नव्हतं. किशॉनने थंड मॉबीचा, झाडाच्या सालीच्या सरबताचा, ग्लास आणून ठेवला. एरवी हा माणूस स्वतःचा कपसुद्धा विसळत नाही. "पी. बरं वाटेल. कडू असली तरी पोटाला चांगली." मग खुर्ची ओढून हळूच म्हणाला, "हे बघ, आम्ही काही बोलत नाही. आम्ही तर आधीच ओळखलं होतं." "काय ओळखलं होतंस?" "काही नाही गं." "नाही, सांग ना. काय ओळखलं होतंस तू?" माझा आवाज चढला तसा तो उठला. "बरं बाई, राहिलं. पण एक सांगू? म्हाताऱ्याने कधी गाडी घेतली नाही तेव्हाच मी म्हटलं होतं, हा गाडी बघायला येत नाही." तो ओशाळं हसला. मला त्याचा राग यायला हवा होता. पण खरं तेच तो बोलला होता. चोक गाडी बघायला येत नव्हता. संध्याकाळी सात वाजता ती वार्ता पुन्हा वाचणार होते, आणि तेव्हा तर घरोघर लोक जेवायला बसलेले असतात. मी भिंतीवरून गाडीची किल्ली उचलली. किशॉनने कुठे म्हणून विचारलं, मी म्हटलं, गिऱ्हाइकाकडे.

फेब्रुवारीत ऊस तोडायला लागतात. रस्ता कधी भिंतीसारख्या उभ्या उसातून जातो, कधी एकदम मोकळ्या शेतातून, आणि लांब समुद्र दिसतो. पुढे उसाचा ट्रक चालला होता, चिपाडं सांडत, आणि मला त्याला ओलांडून जायची घाई नव्हती. काय बोलायचं ते मी जुळवत होते. बॉइसबाई, चूक झाली आहे. नको, चूक म्हटलं की कुणाची म्हणून विचारतील. बॉइसबाई, मी त्यांची मुलगी. बस, एवढंच. तीन शब्द, त्यात काय अवघड आहे, आठ वर्षांच्या हमीबद्दल मी दिवसातून वीस वेळा बोलते. मी मोठ्याने म्हणून पाहिलं. "मी त्यांची मुलगी." कुणाला तरी पहिल्यांदाच सांगितलं मी हे, आणि सांगितलं ते रिकाम्या सीटला. मग मला तिचा राग आला, त्या न पाहिलेल्या बाईचा. खास मित्र! हे लिहायला हिचा हात कसा धजला? आम्हा मायलेकींना बाजारात उभं करून हिने सूड घेतला. बाप गेल्यावर पाच दिवस मला नीट रडूसुद्धा दिलं नव्हतं कुणी. रागच बरा होता. रागावर मी सिक्स रोड्सपर्यंत गेले.

गॅरेजचं दार ओढून घेतलेलं होतं, बाहेर दोन जुन्या मोटारी त्याची वाट बघत उभ्या. घराच्या ओसरीवर एक उंच, वाळकी बाई परातीत तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसली होती. गाडी अगदी पायरीशी येऊन थांबली तरी तिने मान वर केली नाही. मी दार लावलं तेव्हा दचकली, चार दाणे खाली उडाले. "कोण गं?" मी नाव सांगितलं. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, सावकाश, चष्मा सारखा करून. "वर ये. उन्हात उभी राहू नकोस. लोकांना आधीच खूप मिळालंय बघायला." मी पायऱ्या चढले. समोरच्या खुर्चीवरून तिने चोकची टोपी उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली आणि मला तिथे बसायला सांगितलं.

"ही ती मुकी गाडी?"

"हो."

"खरंच की, ऐकू आली नाही." ती पुन्हा शेंगा सोलायला लागली. "रेडिओ ऐकलास, म्हणून आलीस. आभार मानायला की भांडायला?"

"बॉइसबाई, तुम्ही जे लिहिलंय ना, ते..."

"थांब. तू बोलायच्या आधी मी बोलते, नाहीतर माझ्याने बोलवणार नाही. मी लिहिलं ते मला लिहायचं नव्हतं. गुरुवारी इस्पितळात त्याने माझा हात धरला. म्हणाला, एल्मी, निधनवार्तेत ओडेसा गिटन्सचं नाव घाल. मी म्हटलं, काही मरत नाहीस तू, आणि कोण ही? तर गप्प. मी म्हटलं, अरे, कोण म्हणून घालू? काय लिहू? तर भिंतीकडे तोंड करून रडायला लागला. आता मी काही दुधखुळी नाही. शनिवारी कुठे जातो ते मला चार जणींनी येऊन सांगितलं होतं. डर्विन म्हणाला, आई, तुला वेड लागलंय का, गाव हसेल. मी म्हटलं, हसू दे. मरणाऱ्याने मागितलंय." तिचे हात थांबले. "बेचाळीस वर्षांच्या संसारात मी त्याला त्याआधी एकदाच रडताना पाहिला. आमची ग्रेस गेली तेव्हा. तीन दिवस माझ्या खाटेपाशी बसून रडला बिचारा. पुरुष रडतो का असा? त्या रडण्यावर मी त्याला बाकीचं सगळं माफ केलं बघ."

म्हणजे घेतलं त्याने नाव. भिंतीकडे तोंड करून का होईना, माझं नाव त्याने आपल्या बायकोसमोर घेतलं होतं, कसंही घे म्हटलं तसं घेतलं होतं. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. ते तीन शब्द माझ्या जिभेवर होते, अगदी दातांशी. मी बोलले असते तर ही बाई हातातली शेंग ठेवून वर्षं मोजायला लागली असती, आणि वर्षं मोजून ती त्या इस्पितळात, त्या खाटेपर्यंत पोहोचली असती. तो जिन्यात का जायचा, तोंड पुसत का परत यायचा, कुणासाठी किती रडला आणि कुणासाठी किती हसून आला. तिच्याजवळ ग्रेसचं दुसरं काहीच नव्हतं, एक फोटोसुद्धा नसेल. तेवढं एक रडणं होतं. आणि ते अर्धं माझ्या वाटणीचं आहे असं मी तिला सांगायला आले होते. देवाशपथ सांगते, मला तरीही सांगायचं होतं. मी काही थोर नाही. मला बाप हवा होता, मेलेला का होईना, नावानिशी हवा होता.

"बोल आता," ती म्हणाली. "आणि हे बघ, तुला त्रास होत असेल तर डर्विनला आत्ता फोन करायला लावते. सातच्या वाचनातून तुझं नाव काढतील. तू तरुण आहेस, तुला जन्म काढायचाय इथे. काय वय तुझं?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिने सहजच विचारलं होतं. पण विचारल्यावर ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आणि म्हणाली, "ग्रेस असती तर गेल्या नोव्हेंबरात चौतीस पुरी झाली असती."

"एकोणचाळीस," मी म्हटलं.

"दिसत नाहीस." तिने नजर परातीकडे वळवली. "मग? काढू नाव?"

"नको. राहू द्या."

"जसं आहे तसं?"

"जसं आहे तसं राहू द्या, बॉइसबाई."

तिने मान हलवली. मांडीवरची टोपी झटकली, पुन्हा मांडीवर ठेवली. "शनिवारी चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर बस. घरच्यांच्या मागे, क्लबवाल्यांच्या पुढे. मोठ्याने रडायचं नाही. ते माझं आहे." मी हो म्हटलं आणि उठले. पायऱ्यांपर्यंत पोहोचले, तेव्हा इतका वेळ आवरलेलं तिचं सगळं एकदम सुटलं. आवाज चिरकला, परात कलंडली, हिरवे दाणे ओसरीभर पळाले, आणि ती बसल्या जागेवरून माझ्या पाठीवर ओरडली, "अगं, बापाच्या वयाचा होता तो तुझ्या! एवढंही कळत नव्हतं का तुला?"

मी वळले नाही.

"कळत होतं," मी म्हटलं.